डॅश सी

आमच्या कॉलेजातलं सगळं इंटरनेट एका जुनाट डब्यातून जातं, त्यात स्क्विड नावाचा प्रॉक्सी टाकलाय, म्हणजे पासवर्ड विचारूनच नेटवर सोडणारं सॉफ्टवेअर, त्याचं दार म्हणजे पोर्ट ३१२८, आणि त्या दारावरचा राखणदार म्हणजे मी. दर ९० दिवसांनी सगळ्यांनी पासवर्ड बदलायचा असं सर्क्युलर आहे. अमेरिकेच्या निस्टनं, म्हणजे तिथल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१७ सालीच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याची शंका नसेल तर असा उगाच बदलायला लावू नका. पण आमचं सर्क्युलर त्याच्याही आधीचं, आणि एक्स्पायरी पासवर्डला असते, सर्क्युलरला नाही.

बदलायचा म्हणजे माझ्या टेबलापाशी यायचं नि टाइप करायचं, तोवर मी भिंतीकडे तोंड करून उभा. अकाउंटच्या मॅडम टाइप करताना मोठ्यानं म्हणतात, "गणपती... चौदा." मागच्या खेपेला तेरा होता. म्हटलं मॅडम, अहो मनात म्हणा. तर म्हणे, "मनात म्हटलं की स्पेलिंग चुकतं हो!"

अशी १४० माणसं उरकली आणि दोनच दिवसांनी फिजिक्सचे सर आले, विसरले. "तुम्हाला दिसत असेल की, सांगा ना." आता यांना कसं सांगू, पासवर्डच्या फाईलमध्ये नुसता हॅश असतो, म्हणजे पासवर्डचा परत न जुळवता येणारा भुगा, मलाही त्यातलं ओ की ठो कळत नाही. शेवटी नवीनच देतो म्हणालो, आणि डायरीत बघून एचटीपासवर्डची, म्हणजे त्या फाईलमध्ये पासवर्ड भरायची, कमांड मारली. ती मी पहिल्या दिवशी, फाईल बनवताना लिहून ठेवलेली, त्यामुळं त्यात डॅश सी होतं. सी म्हणजे क्रिएट. जुनी फाईल असली तरी ती पुसून कोरी करतं आणि एका शब्दानं विचारत नाही, की बाबा रे, नक्की ना? १३९ जण गेले. उरले एकटे फिजिक्सचे सर, ते थँक्यू म्हणून वर्गावर गेले.

आणि काहीच झालं नाही! कारण स्क्विड एकदा ओळखलेल्या माणसाला २ तास लक्षात ठेवतो, डीफॉल्टच तसं आहे. मी निवांत चहा घेतला. मग साडेअकरापासून पिकलेले आंबे पडावेत तसे एकेक जण गळायला लागले, आधी लायब्ररी, मग एक्झाम सेक्शन, मग केबिनमधून खुद्द प्रिन्सिपॉल सर, "अहो ते पासवर्डचं खोकं सारखं सारखं येतंय, बंद करा ते!" मी फोन उचलायचाच बंद केला. नेटवर्कचं काम असलं की लोक फोन करतात आणि फोन नाही उचलला की चालत येतात, हे मात्र विसरलो.

बॅकअप होता. लगेच टाकला. पण तो पासवर्ड बदलायच्या आधीचा, म्हणजे सगळ्यांना आता तोच जुना पासवर्ड हवा जो मीच त्यांना विसरा म्हणून बजावलं होतं. टेबलापुढं रांग, सगळ्यांच्या तोंडावर तेच, काय होता बरं.

अकाउंटच्या मॅडम तेवढ्या आल्याच नाहीत. संध्याकाळी मीच गेलो विचारायला, तर आरामात बिलं भरत बसलेल्या. म्हणाल्या, "चौदा घेईना, म्हणून एक कमी करून बघितला."