हास्य मागाहून, दाढ आधी

भाचीचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात माझी खालची दाढ ठणकायला लागली. बायकोचं म्हणणं, "जाताच आहात तर पुढचे दातही पांढरे करून घ्या. फोटोत मागची दाढ कुणाला दिसते?" म्हणून तिनेच एका स्माइल स्टुडिओत वेळ घेतली.

तिथे दवाखान्याचा वास नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कॉफी विचारली. मग तिशीच्या आतबाहेरच्या डॉक्टरीणबाई गोड हसून म्हणाल्या, "सर, तुमच्या हास्यात काय बदलावंसं वाटतं?" पन्नाशी उलटलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसतो. मी म्हटलं, "डावीकडून गार पाणी पिता येत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि फोटो काढायला घेतले. समोरून, बाजूने, ओठ ओढून. मग स्क्रीनवर माझ्याच चेहऱ्यावर शुभ्र दात बसवून दाखवले. तो मी नव्हतोच. तो माझा कर्ज फिटलेला भाऊ होता.

पुढे शेड गाइड आलं. एका पट्टीवर सोळा खोटे दात, उजळापासून काळपटापर्यंत. एकेक माझ्या दाताशी लावून बाई म्हणाल्या, "ए-फोर." बायकोने पट्टी हातात घेऊन मोजलं. "म्हणजे शेवटून दुसरा. शाळेत असतानाही हेच, सासूबाई सांगतात."

ब्लीचिंगने नैसर्गिक दात उजळतात, पण कॅपचा रंग बदलत नाही. मला पुढे एक जुनी कॅप आहे, म्हणजे बाकीचे उजळल्यावर ती एकटीच पिवळी राहणार. दुसरा उपाय व्हिनिअर्सचा. दाताचं वरचं कवच साधारण अर्धा मिलिमीटर घासायचं आणि वर पोर्सिलीनचा पातळ पापुद्रा चिकटवायचा. घासलेलं कवच पुन्हा येत नाही, हे बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. ही कल्पना मुळात हॉलिवूडची. 1928 च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने नटनट्यांसाठी असे दात तयार केले. चित्रीकरणापुरते लावायचे, नंतर काढून ठेवायचे. हे ऐकून बायकोने लगेच विचारलं, "मग लग्नापुरते मिळतील का?"

बाईंनी शेवटी दाढेत आरसा घातला आणि त्यांचं हसू मावळलं. "सर, ही कीड खोल गेलीये. आधी रूट कॅनल, हिरड्यांची सफाई. मग आपण हास्याचं बघू." काही म्हणा, बाई सरळ होत्या.

शेजारची मुलगी बीडीएसच्या इंटर्नशिपला आहे. ती म्हणाली, "काका, एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीच्या बीडीएसनंतरच्या पदवीच्या, नऊ शाखा आहेत. मुळांची वेगळी, हिरड्यांची वेगळी, तारांची वेगळी, लहान मुलांचीसुद्धा वेगळी. कॉस्मेटिक नावाची एकही नाही. ते काम कुठलाही डेंटिस्ट करू शकतो, फक्त हात आणि नजर हवी."

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा जिना चढलो. इथे कॉफी नाही. भिंतीवर किडलेल्या दाढेचं रंगीत चित्र, ते बघत ताटकळायचं. डॉक्टरांनी माझ्या हास्याची चौकशी केली नाही. "आ करा" म्हणाले आणि स्टीलच्या दांडीने टकटक सुरू केली. "ही? ही? की ही?" तिसरीला मी खुर्चीतून उठलो. "हीच," ते समाधानाने म्हणाले. बधिर करायचं इंजेक्शन, नस काढणं, बारीक फाइल्सनी मुळं साफ करणं, मसाला भरणं. या सगळ्यात ते सोसायटीच्या पाणीपट्टीवर बोलत होते आणि मी असहमत असूनही गप्प होतो.

हिरड्याही साफ झाल्या. वर्षानुवर्षांची चहाची पुटं निघाली आणि दात जरा माणसात आले. बायकोला पट्टी लावून बघायची फार इच्छा होती.

ती पूर्ण झाली. दाढेवर कॅप बसवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी करकरणाऱ्या खणातून काढलं तेच शेड गाइड, तेच सोळा दात! मी पहिल्यावर बोट ठेवलं. "बी-वन द्या."

"अहो, शेजारची दाढ बघा तुमची. आणि एवढ्या आत कोण बघायला येणार आहे?"

"मी," बायको म्हणाली. "रात्रभर आ करूनच झोपतात."