ट्यूब लाव ना भो!

भाचीच्या बायोडेटावर शेवटी आप्पांनी काढलेला फोटो गेला. आप्पा आमचे भुसावळचे शेजारी. फोटोग्राफीशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्याकडे मोबाईल आहे.

मी सगळी मांडामांड रीतसर केली होती. उत्तरेची खिडकी, कारण तिथून थेट ऊन सहसा येत नाही, दिवसभर मऊ उजेड मिळतो. पोरीला खिडकीपासून तीनेक फुटांवर, जरा तिरकं बसवलं. अंतर दुप्पट केलं की उजेड नुसता अर्धा होत नाही, त्याहूनही कमी होतो, म्हणून खिडकी सोडायची नाही. चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली. ती उजेड परत फेकते आणि सावली काळीकुट्ट होत नाही. मागची भिंत चार-पाच फूट लांब, म्हणजे तिच्यावर सावली उमटत नाही. आणि घरातले सगळे दिवे बंद.

तेवढ्यात आप्पा आले. चप्पल काढायच्या आधी त्यांनी बटण दाबलं.

"आंधारात कायचे फोटू काढून राह्यला भो? ट्यूब लाव ना!"

मी बंद केली. आप्पांनी लावली. वर शोकेसवरचा पिवळा बल्बही लावला. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा, दुपारचा उजेड 5500च्या आसपास. कॅमेरा दोघांपैकी एकाचंच ऐकतो; मग एक गाल हळदीचा, दुसरा निळसर. हे मी सांगितलं.

"हळद लागायचीच हाये तिले," आप्पा म्हणाले. "पन पोरगी अर्धी काळी दिसून राह्यली."

"सावली आहे आप्पा. तिनंच नाकाला उठाव येतो."

"नाकाले उठाव कायले पाह्यजे? नाक हाये ना जागेवर! बायोडेटाचा फोटू हाये का भुताच्या पिच्चरचा? अंगनात चाल, ऊन पाय कसं पडेल हाये!"

मे महिन्यातलं खान्देशातलं ऊन! दुपारी बाराला ते डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात आणि माणूस रडल्यासारखा डोळे बारीक करतो. बाहेरच काढायचा तर ओट्यावर, सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून. पण आप्पांना ऐकवणार कोण? भाची मात्र म्हणाली, "मामा, लवकर काढा, पंखा बंद आहे." पंखा केसांसाठी बंद ठेवला होता, हे तिला पटलेलं नव्हतं.

चुन्याची पांढरी भिंत मागे असली की कॅमेरा फसतो. एवढं पांढरं बघून तो सगळंच करडं करायला जातो आणि चेहरा काळवंडतो. उपाय सोपा. चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, मग सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवायचं. आधी लेन्स मात्र सुती कापडानं पुसायची. फोटो धुरकट येण्यामागे बहुतेक वेळा आपलीच तेलकट बोटं असतात. उजेड कमी असेल तर मोबाईल खुर्चीच्या पाठीवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावायचा, कारण तेव्हा शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात हलला की फोटोही हलतो.

मी टायमर लावेपर्यंत आप्पांनी आपला मोबाईल पोरीच्या नाकापासून फूटभरावर नेला होता. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद कोनाची. इतक्या जवळून काढलं की पुढचं ते मोठं होतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा फूट मागे सरकून दोन एक्सवर काढावं, चेहरा चेहऱ्यासारखा येतो. आप्पांच्या फोटोत नाक आलं भरताच्या वांग्याएवढं. त्यावर त्यांनी ब्यूटी मोड ओढला. हनुवटीवरचा तीळ गेला, भुवया पुसट झाल्या, पोरगी दोन छटा गोरी झाली. तो फोटो व्हॉट्सॲपवरून आला, म्हणजे आणखी दाबून निघाला. (डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर निदान जसाच्या तसा पोचला असता.) झेरॉक्सवाल्यानं तोच बायोडेटावर चिकटवला.

हसून सोडून द्यायची गोष्ट आहे, पण सुटत नाही. उजेड नीट पडावा म्हणून खटपट केली, तर सगळ्यांना हवा होता फक्त गोरेपणा, आणि तो एका बोटात मिळतो.

"तुझा फोटो छान आहे रे," ताई म्हणाली, "पण त्यात ती जरा तिच्यासारखीच दिसते."