ग्रास कटर, इअरबड्स आणि माझी चुकलेली वजाबाकी

भाऊ, नमस्कार.

कानात घालायच्या स्पंजच्या बोळ्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी रागच आला. "साडेसहा हजाराचे नॉईज कॅन्सलिंगवाले बड्स घातले का ग्रास कटरचा आवाज गायब होते. तुम्ही ते मोडीत काढून वीस रुपयाच्या स्पंजच्या बोळ्यांची आरती करून राहिले. स्वतः वापरून पाह्यले का कधी? अन् शंभरातून एकोणतीस वजा केले तो हिशेब तर सपशेल चूक हाय." वरून शेवटचा टोला, की थ्रेशरवर कान बुजवून उभा राहणारा माणूस एक दिवस हात गमावून बसते.

सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. वजाबाकीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी लिहिलं होतं की ग्रास कटर कानाशी साधारण १०० डेसिबल आवाज करतो, बोळ्यांच्या पाकिटावर एनआरआर (आवाज किती डेसिबल रोखला जातो तो आकडा) २९ छापलेला असतो, म्हणजे कानात उरतात ७१. असं होत नाही. तो २९ चा आकडा प्रयोगशाळेतला. तिथे जाणकार माणूस बोळा नीट बसवून देतो. आपण वावरात घाईघाईत खुपसतो. म्हणून अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याचा ठोकताळा असा आहे की छापील आकड्यातून आधी ७ वजा करायचे (आवाज मोजायच्या दोन पद्धतींतला फरक म्हणून) आणि उरेल त्याचं निम्मं धरायचं. २९ वजा ७ म्हणजे २२, त्याचे निम्मे ११. कानात उरले ८९. तुम्ही म्हणालात तसं, कुठे ७१ अन् कुठे ८९!

पण हे ११ किरकोळ समजू नका. डेसिबलचा हिशेब सरळ चढत नाही. दर ३ ला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात असं धरलं, तर ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. उघड्या कानांनी ग्रास कटर चालवला तर टाकीतलं पेट्रोल अर्धं व्हायच्या आत तुमचा दिवसाचा कोटा संपलेला असतो. ८९ ला तो तीन तासांवर जातो. धुरा (वावराचा बांध) साफ करायला तेवढे पुरतात. लेखातला आकडा मी दुरुस्त केला आहे आणि खाली तशी टीपही टाकली आहे.

आता बड्स. वापरून पाहिले का, असं विचारलंत. पाहिले भाऊ. गेल्या पावसाळ्यात संत्र्याच्या बागेत तण कंबरेला लागलं होतं, तेव्हा पुतण्याचे मागून घेतले. पहिल्या दिवशी मीही तुमच्यासारखाच खूश होतो. इंजिनाची घरघर खरंच नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी घामाने डावा बड घसरला आणि तणात पडला. मला पत्ताच नाही. परतीच्या फेरीत पात्याखाली आला, आणि सापडला तेव्हा त्याचं कुटार झालेलं होतं. पुतण्या अजून टोमणे मारतो.

पण माझा आक्षेप त्या नुकसानीवरून नाही. त्या पहिल्या रात्री आडवा झालो तर कानात बारीक किर्र सुरू. आधी वाटलं रातकिडे आहेत. दारं-खिडक्या लावल्या, तरी तेच.

तेव्हा हे यंत्र नेमकं करतं काय ते शोधलं. बडमधला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या नेमकी उलटी लहर सोडतो, की दोन्ही एकमेकींना मारतात. कल्पना जुनी आहे, जर्मनीत पॉल ल्यूग यांनी १९३३ मध्येच त्यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. पुढे बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातल्या घरघरीने गाणं नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं. विमानातली घरघर हे ध्यानात ठेवा. एकसुरी, जाड, संथ आवाज. त्यात ही युक्ती वाघ आहे. ट्रॅक्टरचंही तसंच. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल तर त्याच्या धडधडीचा मूळ सूर सेकंदाला ४५ कंपनांचा, अगदी खालचा. तो बड्स आरामात गिळतात.

ग्रास कटरमध्ये मात्र त्या घरघरीवर सायलेन्सरचा कर्कश आवाज, नायलॉनच्या दोरीची सूंऽ आणि दगडाला पातं लागल्याचा खणखणाट असतो. सेकंदाला हजार कंपनांच्या वरच्या आवाजावर उलट्या लहरीची मात्रा फारशी चालत नाही. तिथे अडवते ती फक्त कानात बसलेली रबराची टोपी, तीही घट्ट बसली असेल तर. तुम्ही खर्रा खाता का ठाऊक नाही, पण जबडा हलत राहिला की ती टोपी सैल होतेच. आणि यंत्राच्या आवाजाने कान आधी मरतो तो नेमका वरच्या सुरांत, ४,००० कंपनांच्या आसपास. म्हणजे जे तुम्हाला जास्त खुपतं ते बड्स काढून टाकतात, आणि जे कानाला खातं त्यातलं बरंच आत येऊ देतात. शांत वाटतं म्हणून माणूस आणखी दोन तास रेटतो. वर गाणं लावलेलं. उरलेल्या गोंगाटाच्या वर गाणं यायला हवं म्हणून आवाज वाढवत न्यायचा, ते वेगळंच.

हे कानात घडतं तेव्हा कळत नाही. आमचे एक काका वीस-बावीस वर्षं सीझनला थ्रेशरवर असायचे. त्यांना माझा जाड आवाज ऐकू येतो. नातीचा येत नाही, म्हणतात, "पोट्टी पुटपुटते." स, श, फ ही अक्षरं वरच्या सुरातली, ती आधी जातात. मागच्या दिवाळीत सोयाबीनची पोती मोजताना मुलगा फोनवर ओरडून सांगत होता "साठ झाले", आणि काका इकडे बंडीवाल्याला सांगताहेत, "आठच झाले म्हन्ते, थांब." सगळे हसले. काकाही हसले, पण उशिरा, बाकीच्यांचे चेहरे बघून. कानाच्या आतल्या त्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

तुम्हाला गाण्याशिवाय काम होत नसेल तर तेही समजतो, बागेत एकट्याने सल (झाडावरच्या वाळक्या फांद्या) काढताना मलाही काहीतरी ऐकायला लागतं. त्यासाठी कान वाचवण्याच्या कामाचे म्हणूनच बनवलेले ब्लूटूथ इअरफोन असतात. आयसोट्यून्सचे आहेत, थ्रीएमचे वर्कट्यून्स हे मफ आहेत, म्हणजे अख्खा कान झाकणाऱ्या गादीच्या वाट्या. ओळख एकच, डब्यावर एनआरआर किंवा एसएनआरचा (युरोपातला तसाच आकडा) आकडा छापलेला असतो. आयसोट्यून्समध्ये गाण्याचा आवाज ८५ डेसिबलच्या वर चढतच नाही. नुसतं "नॉईज कॅन्सलिंग" लिहिलेलं आणि आकडा नाही, तर तो माल प्रवासाचा. नागपूरच्या एसटीत खुशाल वापरा, झोप छान लागते.

मफबद्दल एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. आपण उन्हाळ्यात डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळतो आणि वरून मफ चढवतो. गादी कातडीला टेकली नाही की फटीतून आवाज आत. चष्म्याच्या जाड काडीनेही तेच होतं. वैशाखात मफ तसाही नको होतो, म्हणून मी आत बोळे आणि वरून दुपट्टा असं करतो. चेनसॉ असली की बोळे आणि मफ दोन्ही. मात्र दोघांचे आकडे बेरजेत धरू नका, जो मोठा त्यात पाचेक डेसिबलची भर पडते एवढंच.

बोळा बसवायची रीत तेवढी पाहा, कारण त्या ११ चा सगळा खेळ तिथे आहे. हात धुवायचे. देवाची वात वळतो तसा बोळा बोटांत वळून बारीक करायचा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा सारायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. मग काहीतरी बोलून बघा. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला तर बसला. आणि आपल्या कापसाच्या मुलखात सरकीतून काढलेला कापूसच कानात कोंबायची जी पद्धत आहे, तिने जवळजवळ काहीच अडत नाही.

राहिला थ्रेशर. तुमची भीती मला मान्य आहे, म्हणून तिथे गाणं अजिबात नाही. नुसत्या बोळ्यांनी मात्र माणूस बहिरा होत नाही. यंत्र आणि हाक दोन्ही सारखेच खाली येतात. आम्ही तरीही पेंढ्या घालणाऱ्याच्या समोर, त्याला दिसेल असा एक जण उभा ठेवतो. हात आडवा केला की ट्रॅक्टर बंद. ओरडण्यावर भरवसा तर उघड्या कानांनीही ठेवू नये. पोट्टे बोलायला म्हणून बोळे काढतात आणि विसरतात, ते जास्त महागात पडतं. ३० डेसिबल रोखणारं साधन निम्मा वेळ खिशात राहिलं, तर दिवसाचा फायदा जेमतेम ३ डेसिबल. म्हणून मी दोरीवाले बोळे आणतो. निघाले तरी गळ्यात लोंबकळतात, आठवण राहते. मजुरांनी ते विकत घ्यावेत अशी अपेक्षा चूक आहे. यंत्र ज्याचं, बोळे त्याने द्यावेत.

तुमच्या बड्सचा डबा घरात असेलच. त्यावर बारीक अक्षरात एनआरआर किंवा एसएनआर लिहिलेलं सापडलं तर आकडा इथे टाका, मी तो लेखात घालीन. आणि पुढच्या वेळी ग्रास कटर सुरू असताना हातभर अंतरावर कोणाला तरी उभं करून साध्या आवाजात बोलायला सांगा, कान उघडे ठेवून. त्याला आवाज चढवावा लागला, तर ८५ केव्हाच ओलांडलेले आहेत.