बेन्सननी बीपीच्या गोळ्या बंद करा असं कधी सांगितलं?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा, की हार्वर्डचे हार्ट स्पेशालिस्ट डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी सिद्ध केलंय की रोज ध्यान केलं तर बीपीच्या गोळ्या लागत नाहीत, लांबून कोणी प्रार्थना केली तरी पेशंट बरा होतो, तिबेटी भिक्षू शरीराचं तापमान आठ डिग्रीने वाढवतात, ९० टक्के आजार मनातच असतात, आणि औषध कंपन्यांनी हे सगळं दाबून ठेवलंय.

माणूस खरा आहे, काम पण खरं आणि भारी आहे, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. पण मेसेजमध्ये जे लिहिलंय ते बघू एकेक.

गोळ्यांचं आधी, कारण तेच सगळ्यात डेंजर आहे. बेन्सननी माकडांचं बीपी ट्रेनिंगने वरखाली करून दाखवलं होतं, ते ऐकून ध्यान करणारी काही मंडळी त्यांच्याकडे आली की आम्हाला पण तपासा, आधी त्यांनी नाहीच म्हटलं, मग तपासलं. ध्यानात ऑक्सिजनचा वापर कमी होतो, श्वास मंदावतो, म्हणजे ताणात शरीर जे करतं त्याच्या बरोबर उलटं. गंमत म्हणजे ताणात शरीर 'लढा नाहीतर पळा' मोडमध्ये जातं हे शोधणारे वॉल्टर कॅनन पण हार्वर्डचेच. या उलट्या प्रतिक्रियेला बेन्सननी रिलॅक्सेशन रिस्पॉन्स नाव दिलं. आता १९७४ साली 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये आलेला त्यांचा बीपीवरचा पेपर घ्या. पेशंट किती? १४. आणि हे सगळे आधीपासून बीपीच्या औषधांवर होते, ती औषधं तशीच चालू ठेवून वर हा रिलॅक्सेशनचा सराव केला, तेव्हा वरचं बीपी साधारण १० ने उतरलं. औषध चालू ठेवून! पेपरच्या नावातच लिहिलंय की हे औषध घेणारे पेशंट आहेत, म्हणजे आतलं वाचायची पण गरज नव्हती. पुढे २००८ मध्ये म्हाताऱ्या पेशंटवरच्या एका अभ्यासात काहींची एखादी गोळी कमी करता आली हे खरंय, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बीपी मोजत मोजत. बेन्सन स्वतः तीन पायांच्या स्टूलचं उदाहरण द्यायचे, एक पाय औषधं, दुसरा ऑपरेशन वगैरे, तिसरा स्वतःची स्वतः घेतलेली काळजी. मेसेजवाल्यांनी दोन पाय कापून टाकले आणि वर बेन्सनचं नाव चिकटवलं.

प्रार्थनेचं तर कमालच आहे, कारण याचं उत्तर खुद्द बेन्सननीच काढलंय. २००६ ला छापून आलेला अभ्यास, अमेरिकेतली ६ हॉस्पिटलं, बायपास झालेले १८०२ पेशंट. ख्रिश्चन प्रार्थना गटांना पेशंटचं पहिलं नाव आणि आडनावाचं फक्त आद्याक्षर दिलेलं, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस प्रार्थना. पेशंटचे तीन गट: दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही (प्रत्यक्षात एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही), तिसऱ्याला सांगितलं की नक्की होणार. रिझल्ट काय, तर ज्यांच्यासाठी गुपचूप प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्क्यांना काही ना काही कॉम्प्लिकेशन, ज्यांच्यासाठी झालीच नाही त्यांच्यात ५१. म्हणजे फरक शून्य. आणि ज्यांना माहीत होतं की आपल्यासाठी नक्की होतेय, त्यांच्यात ५९! का ते कोणालाच ठामपणे सांगता आलं नाही, 'बापरे, एवढा सिरियस आहे का मी' असं वाटून टेन्शन आलं असेल असा एक अंदाज. हा माणूस श्रद्धेच्या विरोधात अजिबात नव्हता, उलट श्रद्धेचा पेशंटला फायदा होतो असंच मानायचा, आणि तरी आकडे आले तसे छापले. मला तर बेन्सन इथेच सगळ्यात जास्त आवडतात.

आता भिक्षू. १९८१ मध्ये टीम हिमालयात गेली, तुम्मो, म्हणजे अंगात ऊब आणायचं तिबेटी ध्यान करणाऱ्या तीन भिक्षूंचं तापमान मोजलं, १९८२ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आलं. ८.३ डिग्री सेल्सियसपर्यंत वाढ, बरोबर, पण हाताच्या आणि पायाच्या बोटांची. गार बोटांकडे रक्त वाढलं की ती गरम होतात, आणि ध्यानात बसून ते मुद्दाम करता येणं हेच केवढं मोठं आहे! अख्खं शरीर ३७ वरून आठने वाढलं तर ४५ होईल, मग कसला भिक्षू उरतोय.

९० टक्केवालं अर्धवट उचललंय. डॉक्टरकडच्या ६० ते ९० टक्के व्हिजिट ताणाशी संबंधित असतात असं बेन्सन म्हणायचे, हा आकडा मला स्वतःला जरा सढळच वाटतो, पण ताणाशी संबंधित म्हणजे मनाचे खेळ असं त्यांनी कुठेच म्हटलेलं नाही. ताणाने चढलेलं बीपी मशीनवर दिसतंच की.

आणि दाबून ठेवलंय म्हणे. लॅन्सेट, नेचर, १९७५ चं लाखोंनी खपलेलं पुस्तक, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नावाची इन्स्टिट्यूट. असं दाबून ठेवतात होय?

ध्यान करायचं तर खुशाल करा, दहा-वीस मिनिटं शांत बसून एखादा शब्द मनात म्हणत राहायचं, मध्येच विचार आले तर येऊ द्यायचे आणि परत शब्दावर यायचं, बेन्सनची पद्धत एवढीच आहे. पण हा मेसेज वाचून कोणी गोळी बंद केली असेल तर आजच बीपी मोजा आणि आपल्या डॉक्टरला फोन करा.