देवदार कुंडीत वाढवा म्हणणाऱ्या संदेशावर विश्वास ठेवू नका

"देवदार घरीच लावा! कुंडीत, हॉलमध्येही मस्त वाढतो. रोज पाणी घाला, शेंडा छाटला की दाट होतो, रात्रीही ऑक्सिजन देतो." व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या संदेशापायी लोक पैसे मोजून रोपं मागवतात आणि ती मरतात, म्हणून हे लिहितोय.

संदेशासोबतच्या फोटोतलं झाड मुळात देवदार नाही. मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या फुटलेला तो अरौकेरिया आहे, मूळचा ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरचा. आपल्याकडे नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतो तोच. रोप घेताना जुनी फांदी जवळून बघा. देवदाराला तिथे आखूड गाठीसारखे फुटवे असतात आणि प्रत्येकावर वीस-तीस सुया झुपक्याने फुटलेल्या दिसतात. अरौकेरियाला असे झुपके नसतात, त्याची टोकदार पानं सुटी सुटी डहाळीभोवती चिकटलेली असतात.

ऑक्सिजनचं थोडक्यात सांगतो: रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालू राहतं. देवदार त्याला अपवाद नाही.

हॉलमध्ये तर तो ठेवूच नका, त्याला दिवसभर ऊन लागतं. हिमालयात हे झाड 40-50 मीटर उंच जातं. बोन्साय करणारे त्याला कुंडीत सांभाळतात, पण त्यासाठी मुळं नियमित छाटावी लागतात, माती बदलावी लागते. संदेशात याचा उल्लेखही नाही. जमिनीत लावायचा तर भिंतीपासून निदान आठ-दहा मीटर लांब लावा. खालच्या फांद्या जमिनीपर्यंत पसरतात, आणि त्या कापून टाकल्या की त्याची सगळी शोभाच जाते.

सगळ्यात जास्त झाडं मरतात ती रोजच्या पाण्याने. देवदार वाढतो डोंगरउतारावर, जिथे पाऊस पडतो आणि वाहून जातो. आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरून कुजतात, सुया पिवळ्या पडतात. मालकाला वाटतं झाड तहानलंय, आणि तो आणखी पाणी ओततो! बोट मातीत खुपसून बघा, ओल लागली तर पाणी नको. पहिले एक-दोन उन्हाळे माती सुकली की आळं भरून पाणी द्या, मग अंतर वाढवत न्या. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, पण खोली गोळ्याएवढीच ठेवा. खोड जिथून मुळांत रुंदावतं ती जागा मातीखाली गाडली जाऊ देऊ नका. गोल फिरलेली मुळं हाताने मोकळी करा आणि पाल्याचं आच्छादन खोडाला चिकटू देऊ नका.

शेंडा छाटायचा सल्ला तर झाडाचा जन्मभराचा आकार बिघडवणारा आहे. देवदाराचा कोवळा शेंडा मुळातच वाकलेला असतो. आजारी समजून तो कापला की दोन-तीन शेंडे चढाओढीने वर जातात, आणि पुढे वाऱ्यात नेमकी तीच बेचकी फाटते. सुया नसलेल्या जुन्या लाकडावर कापलं तर तिथे सहसा नवी फूटही येत नाही.

याच्या उलट, "बर्फ पडतो तिथेच देवदार जगतो" असंही सांगितलं जातं. तेही खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावात 1885 साली रस्त्याच्या दुतर्फा देवदार लावले गेले. तिथे बर्फ पडत नाही म्हटलं तरी चालेल, तरी ते मोठे वृक्ष झाले आणि 1920 पासून नाताळात त्यांच्यावर दिव्यांची रोषणाई होते. पण तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडे दमट उकाडा आणि चिखल एकाच वेळी येतात, आणि ते त्याला सोसत नाही. महाबळेश्वरची उंची 1,300 मीटरच्या वर आहे, पण देवदार जिथे वाढतो त्या शिमल्यापेक्षा तिथला पाऊस कितीतरी जास्त असतो.

त्यामुळे पुण्या-मुंबईत देवदारावर पैसे घालू नका. सदाहरित, डौलदार झाडच हवं असेल तर अंगणात बकुळ किंवा सोनचाफा लावा. अमेरिकेत किंवा युरोपात सौम्य हिवाळ्याच्या भागात, मोठ्या आवाराच्या घरात राहणाऱ्यांनी मात्र देवदार जरूर लावावा, फक्त निचरा आधी तपासावा: खड्डा पाण्याने भरा, आणि दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभं दिसलं तर जागा बदला.