ग्रीक मूर्ती पांढऱ्या नव्हत्या

मुंबईतल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ग्रीक मूर्ती शुद्ध पांढऱ्या संगमरवराच्या होत्या आणि मूर्ती रंगवणं ही फक्त आपल्याकडची, कमी दर्जाची आवड, असं त्यात म्हटलंय. हे साफ चुकीचं आहे.

अथेन्सच्या अॅक्रोपोलिस संग्रहालयात इ. स. पूर्व ५३० च्या सुमाराची 'पेप्लॉस कोरे' ही तरुणीची मूर्ती आहे. तिच्यावर रंगाचे अंश आजही दिसतात. अथेन्सच्याच पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या शिल्पांवर तर २००९ मध्ये 'इजिप्शियन ब्लू' हा निळा रंग सापडला. तो डोळ्यांना दिसत नव्हता, पण त्यावर साधा उजेड टाकला की तो अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतो, आणि ते खास कॅमेऱ्याने टिपता येतात.

मग गैरसमज आला कुठून? शतकानुशतकं मातीत आणि उन्हापावसात राहून रंग उडाले. युरोपातल्या कलावंतांनी त्या उघड्या दगडालाच आदर्श मानलं. इटालियन शिल्पकार मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' हा पुतळा (१५०४) पांढरा आहे तो त्यामुळेच. हो, नेमक्या छटांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आज दिसणाऱ्या भडक प्रतिकृतींत थोडा अंदाज असतोच. मूर्ती रंगवत असत, याबद्दल मात्र वाद नाही.

लालबाग-परळच्या कार्यशाळेत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर आणि अथेन्सचा रंगारी यांचं काम एकाच जातीचं आहे. परीक्षेत तो मजकूर उतरवू नका. पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.