बॅटल जिंकायची? पोरं आणा!

गेल्या शनिवारी म्हापशातल्या रॅप बॅटलमधून, म्हणजे दोन रॅपरनी आळीपाळीने एकमेकांना ओळींनी चीत करायच्या सामन्यातून, कान बधिर करून घरी आल्यावर एक गोष्ट पटली, ओळी लिहिण्यात काही अर्थ उरलेला नाही. तेव्हा गोव्यातल्या होतकरू रॅपर मंडळींनो, स्टेज गाजवायचं शास्त्र फुकटात घ्या.

आधी माईक. जाळी अख्खी मुठीत धरा, फोटोत छान दिसतं. साधा व्होकल माईक पुढचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, ते जाळीच्या आत मागच्या बाजूने हवा शिरते म्हणून. ती वाट बंद झाली की माईक चारी बाजूंचं ऐकायला लागतो, पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचा आवाजही आत ओढतो आणि शिट्टी वाजते. मग साउंडवाल्याला एक शिवी हासडा. अख्ख्या राउंडमध्ये तुमची तेवढीच ओळ लोकांना स्वच्छ ऐकू येईल.

प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून उभे राहा. पब्लिक तुमच्या ओळीला कमी आणि ती लागलेल्या माणसाच्या तोंडाला जास्त हसतं, पण एवढा विचार कोण करतो?

पाठांतर करू नका. जत्रेतल्या नाटकात नट अडखळला तर विंगेत प्रॉम्प्टर असतो, इथे नसतो, म्हणून अडलात की ओरडायचं, "गोंय, आवाज खंय आसा?"

आणि आता हुकमी एक्का, पोरं. दोन गाड्या भरून आणा आणि पुढच्या दोन्ही रांगा अडवा. त्यांना एवढंच सांगा की तोंड उघडलं रे उघडलं की बोंबलायचं. पंच, म्हणजे वर्मी लागणारा शब्दांचा ठोसा, कसा बसतो? आधीच्या तीन ओळी शांतपणे जागा तयार करतात, चौथी फोडते, आणि फोडणारा शब्द ओळीच्या अगदी शेवटी ठेवतात. त्याच्यानंतर एक श्वासभर गप्प राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, गलका उतरायला लागला की पुढची ओळ उचलायची. तुमची पोरं पहिल्याच ओळीला उठली. दुसरी, तिसरी बुडाली. चौथीला मागचे लोक एकमेकांना विचारतायत, काय म्हणाला? पण पोरं नाचतायत म्हणजे भारीच असणार! समोरच्याची पाळी आली की हीच पोरं त्याच्या तिसऱ्या ओळीवर हुर्यो करणार, नेमकी तिसऱ्या, म्हणजे चौथी जन्मालाच येऊ नये. गलका चालू असताना घड्याळ थांबवायचं की नाही, हे आयोजकाने ठरवलेलंच नसतं. उघड्यावरचा कार्यक्रम, दहाला स्पीकर बंद, त्यात सुरुवात उशिरा. शेवटी कात्री लागते ती फायनलच्या तिसऱ्या राउंडला.

न्यूयॉर्कच्या यूआरएल, म्हणजे अल्टिमेट रॅप लीग, या रॅप बॅटलच्या लीगमध्ये बहुतेक बॅटलना जजच नसतात. व्हिडिओ आला की लोक ओळ न् ओळ पुन्हा ऐकून कोण जिंकलं यावर भांडत बसतात. तिथे गाडीभर पोरांचा काय उपयोग? कलगी-तुऱ्यातल्या शाहिरालासुद्धा सवाल नीट कानावर पडल्याशिवाय जवाब देता येत नसे. आपल्याकडे रिबटल (समोरच्याच्या ओळीला तिथल्या तिथे उलट जवाब) म्हणजे घरून लिहून आणलेली शिवी. समोरचा काय बोलला ते ऐकायचंच कशाला?

अरे, पण ऐकू द्या ना! शनिवारी हरलेल्या त्या पोराने राउंड पाठ करून आणले होते, स्टेजवर ऐकलेल्या ओळीवर जागच्या जागी उलट जवाब बांधला होता, आणि तो तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही. तुम्हाला दोस्ताला जिंकवायचंय तर त्याच्या ओळी आठवडाभर आधी ऐका, कुठली पडते ते त्याला तोंडावर सांगा, आणि बॅटलच्या दिवशी मागे जाऊन बसा. आणि जजसाहेब, स्पीकरला चिकटून खुर्ची टाकून तुम्ही मोजत काय होता, डेसिबल? प्रत्येक राउंडचे गुण कागदावर लिहा, कुठल्या ओळीला दिले ते माईकवरून वाचून दाखवा. जमत नसेल तर खुर्ची सोडा.